गोळी तीच, तारीख वेगळी: लिथियमवरच्या एका बाळंतपणाची नोंद

ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा गर्भारपणाचा अकरावा आठवडा चालू होता आणि मूड स्थिर ठेवणारं लिथियम बंद करून सहा आठवडे झाले होते. ती आनंदात होती, जरा जास्तच. आल्याआल्या तिने माझ्या टेबलावरचे कागद सरळ करून ठेवले, खिडकीचा पडदा नीट केला आणि बाळाच्या नावांची यादी वाचायला घेतली. यादीत साठ-सत्तर नावं असावीत. नवरा दाराशी उभा राहून हे पाहत होता. "मॅडम, रात्री तीनला उठून कपाटं आवरते," तो म्हणाला. "आधी वाटलं, बाळाचा आनंद आहे."

हे प्रकरण हुबेहूब एका बाईचं नाही. दोन-तीन रुग्णांचे अनुभव एकत्र करून, ओळख पटेल असं सगळं बदलून लिहिलं आहे. वैद्यकीय क्रम आणि निर्णय मात्र जसे घेतले जातात तसेच ठेवले आहेत. डोसचे आकडे फक्त समजावण्यापुरते आहेत, ते वाचून कुणी स्वतःच्या गोळ्यांत फेरफार करू नये.

पूर्वेतिहास

२१व्या वर्षी तिला नैराश्य आलं. त्यावर दिलेल्या औषधाने दोन महिन्यांत ती उलट्या टोकाला गेली: झोप नाही, बोलणं थांबेना, उधारीवर खरेदी, शेवटी तीन आठवडे वॉर्डात. निदान झालं बायपोलर आजाराचं, पहिल्या प्रकारच्या. सुटी झाली तेव्हा हातात व्हॅल्प्रोएटची चिठ्ठी होती.

व्हॅल्प्रोएट उन्मादावर चांगलं चालतं. म्हणून वॉर्डात सर्रास सुरू होतं आणि नंतर ते बंद करण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. पण तरुण मुलीच्या हातात हे औषध वर्षानुवर्षं राहू देणं मला पटत नाही. कुठल्याही गर्भारपणात दर १०० बाळांपैकी २ ते ३ बाळांत मोठा जन्मजात दोष असतो, औषध घेतलेलं असो वा नसो. व्हॅल्प्रोएट घेतलेल्या आयांच्या बाळांत हे प्रमाण १० च्या आसपास जातं. त्याहून वाईट नुकसान जन्माच्या वेळी दिसतच नाही. अशा ३० ते ४० टक्के मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, लक्ष देण्यात अडचणी येतात. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. म्हणजे बाईला पाळी चुकल्याची शंका येऊन ती चाचणी करते, तोवर ते काम जवळजवळ उरकलेलं असतं. दिवस राहिल्यावर व्हॅल्प्रोएट बदलायला निघणं म्हणजे वरातीमागून घोडं. युरोपात २०१८ पासून, गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रीला खात्रीचं गर्भनिरोधन चालू असल्याशिवाय हे औषध देऊ नये असा नियमच आहे.

म्हणून ती २३व्या वर्षी माझ्याकडे आली तेव्हा लग्नाचा विषयही नव्हता, तरी आम्ही काही महिन्यांत हळूहळू लिथियमवर आलो. मधे एकदा गोळ्या चुकवल्या आणि २४व्या वर्षी उन्मादाचा दुसरा झटका आला. त्यानंतर चार वर्षं ती स्थिर होती. रोज ९०० मिलिग्रॅम आणि रक्तातली पातळी ०.७ च्या आसपास.

या चार वर्षांत एक चूक झाली आणि ती माझी होती. दर सहा महिन्यांनी मी पातळी बघत होते, थायरॉइड बघत होते, मूत्रपिंडाची तपासणी करून घेत होते. २६व्या वर्षी तिचं लग्न झालं, ते मी फाइलमध्ये नोंदवलंही. पण "मूल हवं आहे का, आणि कधी?" हा प्रश्न विचारला नाही. तब्येत स्थिर असली की भेट सात मिनिटांत संपते, आणि त्या सात मिनिटांत हा प्रश्न बसला नाही. तो विचारला असता तर पुढची निम्मी गोष्ट घडली नसती.

पाचवा आठवडा

चाचणीत दोन रेघा दिसल्या त्या संध्याकाळी नवऱ्याने फोनवर औषधाचं नाव शोधलं. उत्तर आलं: "श्रेणी डी". त्या एका अक्षरावर दोघांनी ठरवलं आणि रात्रीची गोळी डबीतच राहिली.

ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं अमेरिकेच्या औषध प्रशासनाची. त्यांनीच ती २०१५ पासून मोडीत काढायला घेतली, कारण लोक ती शाळेच्या गुणांसारखी वाचत होते. बी म्हणजे बरं, डी म्हणजे वाईट. प्रत्यक्षात डी याचा अर्थ एवढाच होता की माणसांत धोक्याचा पुरावा आहे, तरी काही वेळा फायदा त्याहून मोठा असू शकतो. किती धोका, कुठल्या महिन्यात, कुठल्या डोसला, औषध न घेतल्यास काय, यातलं काहीही त्या अक्षरात मावत नव्हतं. प्रशासनाने अक्षरं काढली, पण इंटरनेटवर ती अजून ठाण मांडून आहेत.

लिथियमच्या भीतीचीही एक कथा आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कमधून एक नोंदवही सुरू झाली. गर्भारपणात लिथियम घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांबद्दल डॉक्टरांनी स्वतःहून कळवायचं. गर्भारपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड गोळीने बाळांत व्यंगं झाल्याचं प्रकरण १९६१ मध्ये उघडकीला आलेलं, त्यामुळे सगळेच धास्तावलेले. त्या नोंदवहीत एब्स्टाइन नावाचा हृदयाच्या झडपेचा दोष, जो एरवी साधारण २०,००० बाळांत एकाला असतो, शेकडो पटींनी जास्त दिसला. अडचण नोंदवहीच्या रचनेतच होती. बाळ ठणठणीत जन्मलं तर पत्र कोण लिहिणार? वाईट झालं की लिहितात. पुढे नीट मोजणी झाली तसतसा आकडा खाली आला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तेरा लाखांहून अधिक गर्भारपणांवरचा अभ्यास आला. पहिल्या तीन महिन्यांत लिथियम घेतलेल्या १०० बाळांत हृदयाचे दोष साधारण २.४, न घेतलेल्यांत १.१५. धोका आहे, तो नाकारायचा नाही. पण तो शेकडो पटींचा नाही, आणि डोसवर अवलंबून आहे: दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत जेमतेम वाढ, ९०० च्या वर गेलं की तिपटीच्या पुढे.

आता तिने केलं ते बघू. गोळी बंद केली पाचव्या आठवड्यात. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भ तेव्हा तीन आठवड्यांचा होता. हृदय घडण्याचा मुख्य काळ नेमका तिथून सुरू होऊन पुढचे चार-पाच आठवडे चालतो. त्या काळात तिच्या रक्तात लिथियम नव्हतं. म्हणजे हृदयाच्या बाजूने पाहिलं तर तिने मूर्खपणा केला नव्हता. मी विचारलं असतं आणि तिने आधी सांगितलं असतं, तर आम्हीही कदाचित या आठवड्यांसाठी डोस कमी करण्याचा विचार केला असता. फरक इतकाच की आम्ही ते हळूहळू केलं असतं, झोपेवर नजर ठेवून, दुसरं औषध हाताशी ठेवून. तिने एका रात्रीत केलं.

एका रात्रीत बंद करण्याची किंमत वेगळी असते. २००७ च्या एका अभ्यासात गर्भारपणात मूड स्थिर ठेवणारी औषधं थांबवलेल्या बायपोलर स्त्रियांपैकी सुमारे ८५ टक्के जणींचा आजार बाळंतपणापूर्वीच उलटला. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के. हा विशेष केंद्रातल्या रुग्णांचा अभ्यास होता, त्यामुळे तिथे आजार जरा जड असणाऱ्या जास्त असणार, हे धरूनच तो वाचावा. पण झटक्यात थांबवलेल्यांचा आजार हळूहळू थांबवलेल्यांपेक्षा कितीतरी लवकर उलटला, ही त्यातली गोष्ट मी रोज पाहते.

अकराव्या आठवड्यातला निर्णय

त्या दिवशी खोलीत चार माणसं होती: ती, नवरा, तिची आई आणि सासूबाई. सासूबाईंनी सरळ विचारलं, "औषधाशिवाय नाही का निभणार? सहाच महिने तर राहिलेत."

मी म्हटलं, "काकू, औषध नाही घेतलं तर बाळाला काहीच लागणार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. पण ती तीन तास झोपते आहे, धड जेवत नाही, वजन उतरलंय. उद्या वॉर्डात आणावं लागलं तर एकाच्या जागी तीन औषधं द्यावी लागतील, आणि तीही घाईत."

यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पटलेलंही दिसलं नाही. ते पटायला पुढचे तीन महिने लागले, आणि माझ्या बोलण्याने नव्हे, सुनेला झोपलेली पाहून.

पर्याय असे होते. व्हॅल्प्रोएट बाद. पहिले तीन महिने संपत आले असले तरी मेंदूवरचा परिणाम पुढेही होत राहतो. कार्बामाझेपिनही नको. लॅमोट्रिजिन गर्भारपणात दोषांच्या दृष्टीने बरंच निर्धोक ठरलं आहे, पण चढलेला उन्माद ते उतरवत नाही, शिवाय डोस वाढवायला आठवडे जातात. हॅलोपेरिडॉलचा अनुभव दांडगा, पण वॉर्डात असताना त्याने तिची मान ताठरली होती आणि ते नाव काढताच ती खुर्चीत मागे सरकली. अगदीच हाताबाहेर गेलं तर विजेचे उपचार. गर्भारपणात ते देता येतात, आणि अनेकांना वाटतं त्यापेक्षा ते बरेच सुरक्षित आहेत.

आम्ही उन्माद उतरवणारं क्वेटियापिन रात्री सुरू केलं. वारेतून बाळाकडे जाण्याचं त्याचं प्रमाण त्याच वर्गातल्या इतर औषधांपेक्षा कमी आढळलं आहे. एका तुलनेत बाळाच्या नाळेतली पातळी आईच्या साधारण चौथा हिस्सा निघाली, ओलॅन्झापिनची सत्तर टक्क्यांच्या वर. वजन आणि साखर वाढण्याचा धोका असतो, म्हणून साखरेची तपासणी नेहमीपेक्षा लवकर ठेवली. पाचव्या दिवशी ती सहा तास झोपली. तेराव्या आठवड्यात, हृदय घडून झाल्यावर, लिथियम परत आणलं: आधी ६०० मिलिग्रॅम, दोन भागांत.

हे एका भेटीत ठरलं नाही. पहिल्या दिवशी ती ऐकायच्या स्थितीत नव्हती, उन्मादात माणूस सगळ्याला हो म्हणतो. म्हणून लिथियमचा निर्णय दोन आठवडे लांबवला आणि झोप आल्यावर सगळे आकडे पुन्हा मांडले. तेव्हा ती रडली आणि म्हणाली, "म्हणजे मी बंद केल्या त्या चुकलंच का?" मी वर लिहिलं तेच तिला सांगितलं.

मूत्रपिंडाचा हिशेब

लिथियम शरीरात मोडत नाही. जसं आत येतं तसं मूत्रपिंडातून बाहेर जातं. गर्भारपणात मूत्रपिंडाची गाळण जवळजवळ दीडपट होते. त्यामुळे गोळी तीच असली तरी रक्तातलं औषध कमी होत जातं. तिच्या बाबतीत तेच झालं. पूर्वी ९०० मिलिग्रॅमला ०.७ येणारी पातळी सतराव्या आठवड्यात ०.५ आली, चोविसाव्यात १२०० ला ०.६५. "डोस वाढवला" हे ऐकून घरात पुन्हा घबराट झाली. मी कागदावर दोन ओळी काढून दाखवल्या: पोटात जाणारं औषध वर, रक्तातलं तिथंच. बाळाला रक्तातलं पोचतं, डबीतलं नव्हे.

विसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी झाली, सगळं ठीक होतं. मधे एकदा दोन दिवस उलट्या-जुलाब झाले. अशा वेळी शरीरातलं पाणी कमी होऊन लिथियम साठतं, म्हणून आधीच ठरवलेलं होतं: गोळी थांबवायची आणि फोन करायचा. तिने केला. बाकी हे महिने शांत गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पातळी आधी दर चार आठवड्यांनी पाहिली, छत्तिसाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला.

बत्तिसाव्या आठवड्यात मात्र एक गोष्ट कळली. बाळंतपणानंतरच्या दिवसांचं बोलत होतो, तर तिची आई अचानक म्हणाली, "माझ्या बहिणीला बाळंतपणात असंच झालं होतं. चौथ्या दिवसापासून. बाळ आपलं नाही म्हणायची." पाच वर्षांच्या फाइलमध्ये हे कुठेच नव्हतं. घरातल्या आजारांबद्दल मी विचारलं होतं, पण "बाळंतपणात झालेलं" हे आजारात मोजायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तसं वेगळं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, हजारात एखाद-दोन बायकांना होतो. बायपोलर असलेल्यांत बाळंतपणानंतर मोठा झटका येण्याची शक्यता पाचात एक इतकी असते, आणि सख्ख्या नात्यात कुणाला झाला असेल तर आणखी वाढते. बहुतेक वेळा तो पहिल्या दोन आठवड्यांत येतो. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असणारा हा आजार आहे, त्यामुळे थांबून बघू म्हणायला इथे वाव नसतो. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर गर्भारपणात औषधाविना राहिलेल्या बायपोलर स्त्रियांपैकी सुमारे ६६ टक्के जणींचा आजार बाळंतपणानंतर उलटला, औषध चालू असलेल्यांत २३ टक्के. म्हणजे बाळ बाहेर आलं की धोका संपला असं जे सगळ्यांना वाटतं, त्याच्या नेमकं उलट.

दुधाचा प्रश्न

तिला बाळाला अंगावर पाजायचं होतं. या प्रश्नावर आम्ही जितका वेळ बोललो तितका हृदयाच्या दोषांवरही बोललो नसू.

बहुतेक मानसिक औषधांच्या बाबतीत माझं उत्तर सोपं असतं: पाजा. दुधातून बाळाला मिळणारा डोस, वजनाच्या हिशेबाने, आईच्या डोसच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर साधारणपणे चालतं असं धरतात. नैराश्यावरच्या सर्ट्रालिनचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असतं, क्वेटियापिनचं एक टक्क्याहूनही कमी. क्लोझापिनवर मी नको म्हणते. लिथियम मधे कुठेतरी अडकतं. दुधात ते आईच्या रक्ताच्या साधारण निम्मं उतरतं, आणि बाळाच्या रक्तात दुधाच्या निम्मं. काही तज्ज्ञ बाळाचं रक्त वेळोवेळी तपासून पाजू देतात, अनेक मार्गदर्शक सूचना नकोच म्हणतात. बाळाला जुलाब झाले, ताप आला, पाणी कमी झालं तर पातळी झपाट्याने चढू शकते, ही खरी भीती.

मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या आणि एक तिसरीही, जी औषधाबद्दल नव्हती. पाजायचं म्हटलं की रात्री दर दोन-तीन तासांनी उठणं आलं, आणि तिचा उन्माद दोन्ही वेळा झोप तुटण्यापासूनच सुरू झाला होता. तिने आठवडाभर विचार केला. मग म्हणाली, "बाटलीनेच देऊ. पण हे मी ठरवलंय असं सगळ्यांना सांगा, नाहीतर म्हणतील डॉक्टरांनी दूध तोडलं." मी सांगितलं. तरी बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी दूध भरून आलं तेव्हा ती हमसून रडली. त्या रडण्यात आजार नव्हता, आणि तसं मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, कारण तो घाबरून गोळी वाढवायची का विचारत होता.

इथे एक अपघात थोडक्यात टळला. दूध आटवायला कॅबर्गोलिन द्यायची पद्धत आहे. ते मेंदूत डोपामिनसारखं काम करतं आणि अशा रुग्णात उन्माद किंवा सायकोसिस चेतवू शकतं. चिठ्ठी लिहून झाली होती. वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरने भलत्याच गोष्टीसाठी फोन केला आणि बोलता बोलता त्या गोळीचा उल्लेख केला, म्हणून कळलं. घट्ट आधाराची ब्रा, थंड पट्ट्या आणि पॅरासिटामॉल, एवढ्यावर भागलं.

नैराश्यासाठी सर्ट्रालिन किंवा तत्सम गोळी घेणाऱ्या बाईने हे प्रकरण स्वतःला लावून घेऊ नये. तिचा हिशेब बराच हलका असतो. शेवटच्या महिन्यांत या गोळ्या घेतल्या तर बाळाच्या फुप्फुसातल्या रक्तदाबाचा एक दुर्मीळ त्रास हजारात साधारण दोनावरून तीनावर जातो, आणि बऱ्याच बाळांना पहिले काही दिवस किरकिर, थरथर होते जी आपोआप जाते. तिनेही एका रात्रीत गोळी सोडू नये, एवढाच धडा दोन्हीकडे सारखा.

बाळंतपण आणि चौथा दिवस

अडतिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर कळा सुरू झाल्या. ठरल्याप्रमाणे तिने पुढची लिथियमची गोळी घेतली नाही, रक्त तपासलं, शिरेतून पाणी चालू ठेवलं. मुलगी झाली. लिथियम वारेतून आरपार जातं, बाळाची पातळी आईइतकीच असते, म्हणून बालरोगतज्ज्ञांना आधीच कळवलं होतं. पहिला दिवस बाळ जरा ढिलं होतं, ओढायला आळशी. ते निरीक्षणाखाली राहिलं, तिसऱ्या दिवशी नीट पिऊ लागलं. थायरॉइडही बरोबर आलं.

घोळ आईच्या बाबतीत झाला. बाळंतपणानंतर मूत्रपिंडाची गाळण थोड्याच दिवसांत पूर्वीवर येते. गर्भारपणात बरोबर असलेला १२०० चा डोस आता जास्त होतो. म्हणून मी पत्रात लिहिलं होतं: प्रसूतीनंतर लगेच ९००. पण ते लिहिलं होतं दुसऱ्या पानावर. वॉर्डाने पहिलं पान वाचलं आणि १२०० चालू ठेवलं. त्यातच टाक्यांच्या दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक सुरू झालं. या वर्गातल्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं. चौथ्या दिवशी बाटली धरताना तिचा हात थरथरू लागला, मळमळ सुरू झाली. पातळी १.३.

एक डोस वगळला, डायक्लोफिनॅक बंद, पॅरासिटामॉल सुरू, भरपूर पाणी, मग ९००. दोन दिवसांनी ०.८. पहिला महिना ही पातळी अशीच जरा वरच्या बाजूला ठेवायची होती. कुणाला दोष द्यावा? वॉर्डात रात्रीच्या पाळीला दोन पानी पत्र कोण वाचतं, हे मला माहीत असायला हवं होतं. आता मी एकच पान लिहिते आणि त्यात तीनच ओळी ठळक असतात: कळा लागल्यावर काय, प्रसूतीनंतर किती, आणि कुठल्या गोळ्या द्यायच्या नाहीत. बाकी सगळं ज्याला हवं त्याने फोन करून विचारावं.

नववा दिवस

घरी रात्रीची वाटणी ठरली होती. दहा ते चार बाळ नवऱ्याकडे किंवा आईकडे, ती दुसऱ्या खोलीत, दार बंद. सासूबाई पहाटेची पाळी सांभाळत होत्या, आणि ती त्यांनी स्वतः मागून घेतली होती.

नवव्या दिवशी सकाळी नवऱ्याचा फोन आला. ती तीनच तास झोपली होती, आणि पहाटे उठून बाळाच्या दुधाच्या वेळांचा तक्ता वेगवेगळ्या शाईंनी पुन्हा लिहीत बसली होती. शिवाय आईला म्हणाली, "तू बाळाला माझ्यापासून लांब का ठेवतेस?" ही शेवटची ओळ ऐकून मी दुपारची वेळ रिकामी केली. एक रात्र झोप तुटणं बाळंतिणीला काही नवीन नाही. झोप तुटली, शाई बदलली आणि संशय आला, ही तीन एकत्र येणं वेगळं.

ती आली, बोलली, थोडी चिडली. बाळाबद्दल कुठले विचार येतात, भीती वाटते का, काही ऐकू येतं का, हे मी आडपडदा न ठेवता विचारलं. ऐकू काही येत नव्हतं, बाळाला इजा होईल असंही काही मनात नव्हतं. क्वेटियापिन वाढवलं, बाळासोबत तिला एकटीला ठेवायचं नाही असं ठरलं, वॉर्डातली खाट राखून ठेवली आणि सलग चार दिवस रोज भेटलो. पाचव्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "तक्ता एकाच शाईत चालेल." खाट लागली नाही. एक दिवस उशीर झाला असता तर लागली असती असं मला वाटतं, पण हे सिद्ध करता येत नाही.

सहा महिन्यांनी

सहाव्या महिन्यात ९०० ला पातळी पुन्हा ०.७ आली, बरोबर गर्भारपणाआधी होती तिथेच. क्वेटियापिन हळूहळू कमी करत आणलं होतं. मुलगी वेळेवर मान धरून, पालथी पडून, बसायच्या बेतात होती. गर्भनिरोधनासाठी तिने तांबी बसवून घेतली. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर निदान सहा महिने आधी सांगायचं, हे या वेळी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं.

"हिला होईल का हे?" तिने विचारलं. आई किंवा वडील यांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असते, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढची तारीख मागितली.

त्या पुढच्या तारखेला तिच्यासोबत मावशी आली. वय साठीच्या जवळ. तिच्यावर आजवर कुणी उपचार केले नव्हते. त्या वेळी काही महिन्यांनी ती आपोआप सावरली होती, आणि त्यानंतर दुसरं मूल होऊ दिलं नाही. ती बराच वेळ गप्प बसून भाचीच्या मुलीकडे पाहत होती. मी काय आठवतं असं विचारलं.

"झोप येत नव्हती," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगत होते, मला झोपू द्या."